सायलेन्सर बदलायचा असेल तर: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या रायडरसाठी

"दादा, कुठला सायलेन्सर टाकू?" नवी गाडी घेतलेल्या मुलांचा हा पहिला प्रश्न. बऱ्याचदा तोवर गाडीची पहिली सर्व्हिसिंगही झालेली नसते. मी ठाण्यात बारा-तेरा वर्षं गाडी चालवतोय. एवढ्या काळात वेगवेगळ्या गाड्यांना चार सायलेन्सर बसवले आणि त्यातले दोन स्वतःच्या हाताने काढून कंपनीचे परत लावले. विचारणाऱ्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सायलेन्सरचे पैसे तुम्ही भरता, पण त्याचा आवाज ऐकतात दुसरे. तुमच्या डोक्यावर हेल्मेट, कानात वारा आणि पाइपाचं तोंड तुमच्या मागे. माझ्या पहिल्या सायलेन्सरचा आवाज मला अगदी भारदस्त आणि बेताचा वाटायचा. दोन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. रागावल्या नाहीत. "तू रात्री आलास की बाळ दचकून उठतं रे, मग तासभर झोपत नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांची नात तेव्हा महिन्याभराची होती. त्या रविवारी मी तो सायलेन्सर काढला. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: मित्राला पार्किंगमध्ये गाडी चालू करायला सांगायची आणि आपण वर खिडकी उघडून उभं राहायचं. या कसोटीकडे शेवटी परत येऊ.

पहिली पायरी: कारण ठरवा

कंपनीचा सायलेन्सर गंजून गेलाय, पडल्यामुळे चेपलाय, तो जड आहे, दिसायला आवडत नाही, आवाज थोडा खोल हवाय. ही सगळी कारणं समजण्यासारखी आहेत. "पॉवर वाढेल" हे कारण मात्र १५० ते ३५० सीसीच्या गाडीसाठी मनातून काढून टाका. नुसता मागचा डबा बदलून अशा गाडीत जो फरक पडतो, तो रस्त्यावर जाणवण्याइतका नसतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, आणि स्पीडोमीटर तोच आकडा दाखवत असतो.

याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी फसवणार नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की तापलेला वायू दाबाने इंजिनापासून निघणाऱ्या बेंड पाइपात घुसतो आणि त्याच्याबरोबर दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते. पाइप जिथे रुंद होतो किंवा संपतो, तिथून ही लाट उलटी फिरते, आणि फिरताना ती ओढ घेणारी लाट झालेली असते. ती व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत परत पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताज्या मिश्रणाला जागा मिळते. लाट कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) वेळेवर पोचणार, हे पाइपाची लांबी आणि व्यास ठरवतात. कंपनीचे इंजिनिअर हे गणित त्या इंजिनासाठी बसवून देतात.

आता त्याच इंजिनाला जाड आणि मोकळा पाइप लावला की कमी आरपीएमला वायूचा वेग पडतो. ओढ कमी होते आणि खालचा दम जातो. "बॅक प्रेशर लागतंच" असं काही मेकॅनिक सांगतात, तेही बरोबर नाही. उलटा दाब इंजिनाला कधीच नको असतो, त्याला हवा असतो वायूचा वेग. माजिवड्याहून गायमुखपर्यंत संध्याकाळी सात वाजता तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमला रखडत असता. तुम्हाला रोज लागतो तो हाच खालचा दम, आणि मोकळा पाइप तोच काढून घेतो.

दुसरी पायरी: कायदा पैसे देण्याआधी वाचा

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या तीन कलमांशी आपला संबंध येतो. कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील आणि कंपनीने ठरवून दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९०(२) आवाज आणि धूर यांच्या मानकांबद्दल आहे: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. याखेरीज केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असं म्हणतो.

आवाजाची मर्यादा गाडी कारखान्यातून मंजूर होतानाच ठरलेली असते. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. हे माप चालत्या गाडीचं असतं आणि मायक्रोफोन साडेसात मीटरवर असतो. म्हणून मोबाइल पाइपापाशी धरून आलेल्या आकड्याशी याची तुलना करू नका.

"पीयूसी आहे माझ्याकडे" हे उत्तर मी नाक्यावर अनेकांच्या तोंडून ऐकलंय. पीयूसीच्या मशीनमध्ये धुरातले वायू मोजतात. आवाज तिथे कोणी मोजत नाही. पीयूसी पास झालेल्या गाडीवरही सायलेन्सरसाठी कारवाई होते, आणि राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत.

दुकानदार पाइपावर कोरलेला इंग्रजी ई आणि आकडा दाखवून "युरोप अप्रूव्ह्ड" म्हणेल. ती खूण तिकडच्या नियमांसाठी, ठरावीक मॉडेलसाठी आणि आत आवाज अडवणारी जाळी बसवलेल्या अवस्थेसाठी असते. सायलेन्सर नीट बनवलाय याचा तो चांगला पुरावा आहे, पण भारतातल्या रस्त्याचा परवाना नव्हे. पाइपावर फक्त रेस ट्रॅकसाठी किंवा ऑफ-रोडसाठी असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ शब्दशः घ्या.

नवख्या माणसासाठी सगळ्यात सुरक्षित रस्ता मला विचाराल तर तुमच्याच गाडीच्या कंपनीने ॲक्सेसरी म्हणून विकलेला, तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेला सायलेन्सर. शोरूममध्ये पार्ट नंबर मागा. "हा रस्त्यावर चालेल" हे बिलावर किंवा ईमेलवर लेखी घ्या. वॉरंटीवर काय परिणाम होईल तेही तेव्हाच विचारा, आणि विमा कंपनीला बदल कळवून टाका. असा पर्याय तुमच्या मॉडेलला नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला कंपनीचाच ठेवा आणि तेच पैसे टायर किंवा सस्पेन्शनवर घाला.

तिसरी पायरी: मागचा डबा की पूर्ण पाइप

आपल्याकडे सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतात, पण त्याचे दोन भाग आहेत. इंजिनापासून निघणारा बेंड पाइप आणि मागचा डबा, म्हणजे मफलर. नुसता डबा बदलला तर तो स्लिप-ऑन. इंजिनापासून सगळं बदललं तर फुल सिस्टिम.

नवख्याने फुल सिस्टिमकडे वळू नये, कारण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत बेंड पाइपावर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याच भागात किंवा इंजिनाच्या पोटाखाली असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या महाग धातूंचा लेप दिलेली मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी विषारी वायू बदलून टाकते. ती काढली की गाडी धुराच्या नियमांतून बाहेर गेली, यावर दुसरी बाजू नाही. काही गाड्यांमध्ये मात्र ही जाळी मागच्या डब्यातच असते, आणि मग साधा स्लिप-ऑनसुद्धा ती काढून टाकतो. म्हणून आपल्या मॉडेलचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे हे सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये पाहिल्याशिवाय काहीही खरेदी करू नका. "जुना सायलेन्सर इथेच ठेवून जा, हजार रुपये कमी करतो," असं कोणी म्हणालं तर त्याची नजर याच धातूंवर असू शकते. जुना घरी न्यायचा.

इंधनाचं काय होतं, हाही प्रश्न येतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने सावकाश चालताना मिश्रण जुळवून घेते. पूर्ण थ्रॉटलला बहुतेक गाड्या सेन्सरचं ऐकत नाहीत, साठवलेल्या आकड्यांवर चालतात, आणि तिथे मिश्रण पातळ होऊ शकतं. कार्ब्युरेटरची जुनी गाडी स्वतःहून काहीच जुळवून घेत नाही, तिचा पेट्रोल सोडणारा मेन जेट बदलावा लागतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फटाके वाजायला लागले तर काही जणांना मजा वाटते. ते न जळलेलं पेट्रोल पाइपात जाऊन पेटत असतं, किंवा एखाद्या जोडातून हवा आत जात असते.

बुलेटवाल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण इंदोरी, पंजाबी, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल ही सायलेन्सरची नावं त्यांच्या कानावर रोज पडतात. यातल्या बऱ्याच डब्यांत आवाज अडवणारं फारसं काही नसतं. ठोका मोठा येतो खरा, पण पाचपाखाडीच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून तो चौथ्या मजल्यापर्यंत जातो. बुलेटचा मूळ ठोका इंजिनाच्या लांब स्ट्रोकमधून आणि जड फ्लायव्हीलमधून येतो. तो कंपनीच्या सायलेन्सरमधूनही ऐकू येतो, फक्त आयडलिंग नीट बसवलेलं पाहिजे.

चौथी पायरी: धातू, कारण आपण खाडीकाठी राहतो

पुण्यात टिकलेला सायलेन्सर ऐरोलीत टिकेलच असं नाही. ठाण्याच्या खाडीची खारी हवा, वर्षातले चार महिने पाऊस आणि रस्त्यावरचा चिखल. क्रोम केलेलं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत वेल्डिंगपासून फुगायला लागतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस आपल्याकडे चांगलं टिकतं. दुकानात जाताना छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. ३०४ ला ते जवळपास चिकटत नाही, वाकवलेल्या भागाला किंचित ओढ लागली तर चालतं. खटकन चिकटलं तर ते साधं लोखंड आहे किंवा ४०९ सारखं स्वस्त स्टेनलेस. ४०९ वाईट नव्हे, कंपन्याही ते सर्रास वापरतात, फक्त ३०४ च्या भावात घेऊ नका. टायटॅनियम हलकं आणि महाग. कार्बन फायबर बहुतेकदा वरचं आवरण किंवा टोकाची टोपी असते, आणि स्वस्त मालात तर ते नुसतं चित्र छापलेलं स्टिकर असतं.

नकली मालाबद्दल इथेच सांगतो. अक्रापोविच ही स्लोव्हेनियाची कंपनी, योशिमुरा जपानची, ॲरो आणि एससी प्रोजेक्ट इटलीच्या. यांचा खरा माल दोन-अडीच हजारांत मिळत नाही. त्या किमतीत मिळतो तो त्यांच्या नावाचा बिल्ला लावलेला कोणाचा तरी डबा. आत काय आहे ते कळत नाही, काचतंतूचं भरण दोन महिन्यांत उडून जातं आणि आवाज पत्र्यासारखा होतो.

पाचवी पायरी: तुमच्याच गाडीवर लावून बघा

यूट्यूबवरचा आवाज ऐकून निवडू नका, मोबाइलचा माइक खालचे सूर खाऊन टाकतो. तुमच्याच मॉडेलला तोच सायलेन्सर लावलेला माणूस शोधा आणि रविवारी सकाळी उपवनला किंवा नेरुळला चहाला भेटा. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगा. थंड इंजिन आयडलिंगला जास्त आरपीएमवर चालतं, आणि शेजाऱ्यांना पहाटे ऐकू जातो तो हाच आवाज.

दुकानात "युनिव्हर्सल आहे, बसवून देतो" हे शब्द आले की मागे फिरा. माझा दुसरा सायलेन्सर असाच होता. त्या दुकानात ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवून दिला. दोन महिन्यांनी कापूरबावडीच्या पुलावर ब्रॅकेट तुटलं, सगळं वजन बेंड पाइपावर आलं आणि पाइप धरणारा इंजिनातला स्टड मोडला. ॲल्युमिनियमच्या हेडमधून मोडका स्टड काढायला सायलेन्सरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले.

लावून बघताना नुसतं दिसण्याकडे पाहू नका. डबल स्टँडचा टेकू कित्येक गाड्यांत कंपनीच्या सायलेन्सरवरच असतो, तो गेला की स्टँड वर जाऊन चेनला घासतो. मागचं चाक काढताना ॲक्सल बाहेर येईल का? मागे बसणाऱ्याचा पाय किंवा आईच्या साडीचा काठ तापलेल्या पाइपाला लागेल का? पाइपाचं तोंड किती उंचीवर आहे? इंजिनाच्या पोटाखाली संपणारे आखूड सायलेन्सर उन्हाळ्यात देखणे दिसतात. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं आणि गाडी मध्येच बंद पडली, की पाणी थेट आत शिरतं.

आत काढता-घालता येणारी जाळी, म्हणजे डीबी किलर, असेल तर ती बोल्टने पक्की बसते ना, हे पाहा. ती काढून ठेवण्याच्या विचाराने सायलेन्सर घेत असाल तर घेऊच नका.

सहावी पायरी: बसवणं

हे काम घरी होतं, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या रात्री नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, ओढून स्टड मोडण्यापेक्षा एक रात्र थांबलेलं बरं. प्रत्येक जोडाला नवं पॅकिंग घ्या. जुनं एकदा दाबलं गेलेलं असतं, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, सायलेन्सर सहज जागेवर येतोय ना बघा, मग इंजिनाकडून मागे असे कसत जा. ओढून-ताणून बसवलेला पाइप पुढे तडकतो. ऑक्सिजन सेन्सरला हात लावायची वेळ आली तर त्याची वायर पिळू देऊ नका.

चालू करण्याआधी स्पिरिटने पाइप स्वच्छ पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर पहिल्या तापातच स्टेनलेसवर ते ठसे कायमचे उमटतात. मग जोडांवर साबणाचं पाणी मारून गाडी मिनिटभर चालू करा. बुडबुडे आले तर तिथून गळतंय. पहिली पाच-दहा मिनिटं थोडा धूर येईल, तो कारखान्यातल्या तेलाचा असतो. शंभर किलोमीटर झाले की, पुन्हा थंड इंजिनावर, सगळे बोल्ट एकदा कसून घ्या. ही पायरी बहुतेक जण विसरतात.

सातवी पायरी: आधी आणि नंतर मोजा

सायलेन्सर बदलण्याच्या आदल्या दिवशी, मोकळ्या जागी, दुपारी, मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप घेऊन बसा. पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतर, तिरकस ४५ अंश, आयडलिंगला एक नोंद आणि एका ठरावीक आरपीएमला दुसरी. बदलल्यावर तोच मोबाइल, तीच जागा, तेच आरपीएम. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण दोन नोंदींतला फरक बराचसा विश्वासार्ह असतो. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली. दहा वाढले म्हणजे ऊर्जा दहापट, आणि माणसाच्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. दोन-तीनच्या वर फरक आला तर मी तो ठेवत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले होते आणि त्यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल आला. ती याचिका मंडप आणि लाउडस्पीकरबद्दलची, तरी झोपणाऱ्या माणसाच्या कानाला आवाज मंडपातून आला की पाइपातून, याने फरक पडत नाही. येऊरला रात्री जाणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो: तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथल्या पाड्यांवर माणसं राहतात आणि जंगलात बिबटे. तिथे थ्रॉटल पिळायचा नाही.

आता ती खिडकीची कसोटी. रविवारी सकाळी सहानंतर मित्राला खाली पाठवा, गाडी रात्रभर उभी असलेली हवी. घोडबंदर किंवा खारघरच्या टॉवरांत पोडियम पार्किंग असेल तर ही कसोटी आणखी गरजेची, कारण काँक्रीटच्या छताखाली आवाज घुमून जिन्यातून वर चढतो. तुम्ही पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडी. मित्राने गाडी चालू करावी, अर्धा मिनिट ठेवावी आणि गेटमधून निघून जावं. शक्य असेल तर त्या मजल्यावरच्या काकूंनाच शेजारी उभं करा आणि त्यांना विचारा. त्या "कधी गेली?" म्हणाल्या तर सायलेन्सर ठेवा.

नाहीतर कंपनीचा परत लावायचा, आणि त्यासाठी तो जपलेला हवा. काढल्यावर आतलं पाणी निथळू द्या, बाहेरून तेलाचा हात फिरवा, दोन्ही तोंडं प्लॅस्टिकने बांधा, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. बोल्ट, बुश आणि क्लॅम्प एका डब्यात घालून डब्यावर गाडीचं नाव लिहा. गाडी विकताना, वॉरंटीच्या कामाला आणि १५ वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करताना हाच सायलेन्सर लागतो.